श्यामबाबूंची हिरवी टिक

रोज सकाळी दहाला पाच मिनिटं असताना श्यामकांत आठल्ये टेबलावर कालचं वर्तमानपत्र पसरायचे, खिशातून कागदात गुंडाळलेलं दाढीचं अर्धं ब्लेड काढायचे आणि हिरव्या पेन्सिलीला टोक करायचे. घाई नसायची. पेन्सिल डाव्या हाताच्या दोन बोटांत फिरत राहायची, लाकडाची पातळ साल वर्तमानपत्रावर पडायची. टोक झालं की ते अंगठ्यावर हलकेच टेकवून बघायचे. मग टेबलावरच्या कॅलेंडरात आजच्या तारखेच्या चौकोनात एक टिक, आणि तिच्या खाली एक ठिपका. एवढं झाल्याशिवाय पहिली वही उघडायची नाही.

कालिंदी देवस्थळीनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला हसू आलं होतं. १९७४ चा मे महिना होता. ती बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि एरवी या दिवसांत वडिलांच्या रेल्वे पासावर पुण्याला मामांकडे आंबे खात असती. पण या वर्षी रेल्वेचा संप झाला. वडील, रघुनाथराव, कलकत्त्यात गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत अधिकारी. संपाच्या दिवसांत तेही तिथंच कॅम्प कॉटवर झोपत होते. पुणं राहिलं. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांची आणि आठल्यांची ओळख झालेली होती, त्या ओळखीवर त्यांनी शब्द टाकला, "पोरीला सुट्टीत उमेदवारी करू द्या तुमच्याकडे. पगारबिगार नको. इन्कमटॅक्सचं काम कसं चालतं ते बघेल तरी."

"मुलगी आहे. आमच्याकडे बसायला नीट खुर्चीसुद्धा नाही," आठल्ये म्हणाले होते. आणि दुसऱ्या दिवशी घरून आपल्या बायकोची शिवणाची खुर्ची रिक्षात घालून ऑफिसात घेऊन गेले.

लाहिडीसाहेबांचं ऑफिस डलहौसीच्या बाजूला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, चार कारकून, छतापर्यंत लाल कापडात बांधलेली बाडं. लहान कारखानदारांची, दुकानदारांची, वकिलांची इन्कमटॅक्सची कामं तिथं चालायची. आठल्ये तिथं १९४३ पासून होते, थोरल्या लाहिडींच्या काळापासून. जन्म भवानीपूरचा, वडील नकाशे काढण्याच्या नोकरीवर कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. ऑफिसात सगळे त्यांना श्यामबाबू म्हणत. आता खुर्चीत बसणारे धाकटे लाहिडी लहानपणी शाळा सुटल्यावर याच टेबलाखाली बसून लिमलेटच्या गोळ्या खायचे, आणि श्यामबाबूंनीच त्यांना हातच्याची बेरीज शिकवली होती. श्यामबाबू तोंडानं 'सर' म्हणत, पण कालिंदीशी बोलताना कधी कधी नकळत 'आपला खोका', म्हणजे बंगालीत बाळ, असं म्हणून जात.

पहिल्या दिवशी त्यांनी तिला रंग समजावून सांगितले.

"हे बघ. लाल शाई साहेबांची. हिरवी पेन्सिल माझी. उमेदवारानं साधी शिसपेन्सिल वापरायची. काम संपलं की तुझ्या टिका रबरानं पुसून टाकायच्या."

"मग मी केलेलं कसं कळणार, काका?"

"नाहीच कळणार. म्हणून तर उमेदवारी." ते हसले. "माझी टिक मात्र कुणी पुसत नाही. जिथं हिरवी टिक आणि खाली ठिपका आहे, तिथं आतला कागद श्यामबाबूंनी उघडून पाहिलाय, बुझलीस? साहेब पुन्हा बघत नाहीत. थोरले साहेबही बघत नसत."

मग त्यांनी तिला गाठ शिकवली. वर्षभराच्या पावत्या, बिलं एका बाजूला भोक पाडून सुतळीनं बांधलेली असत. त्या सुतळीला ते एक वेगळीच गाठ मारत, दोन फेरे, एक मागून घेतलेला पेड, आणि एक टोक ओढलं की सटकन सुटणारी. वडिलांकडून आलेली. ते नकाशांच्या गुंडाळ्या तशा बांधत. कालिंदीला ती चार दिवस जमली नाही. ती बांधी तेव्हा गाठीचा नुसता गोळा व्हायचा.

"असू दे. निदान तू सोडलेलं बंडल आणि मी सोडलेलं बंडल ओळखू तरी येईल," ते म्हणाले.

त्यांच्या कामाची रीत जुनी होती. दोघांनी मिळून करायची. एकानं पावती उघडून वाचायची, तारीख, कशाची, किती; दुसऱ्यानं वहीतली ओळ शोधून जुळली की टिक करायची. याला ते 'पुकारणं' म्हणत. कालिंदी पुकारायची, श्यामबाबू टिक करायचे. दोन मराठी माणसं बंगाली ऑफिसच्या कोपऱ्यात मराठीत आकडे म्हणत बसलेली पाहून बाकीचे कारकून गंमत करत. एकजण म्हणे, "श्यामबाबू, तुमची पूजा झाली का? आता प्रसाद तरी द्या."

आठवड्याभरात श्यामबाबू म्हणाले, "बोट ठेवत जा गं वहीवर. ओळ चुकायला नको."

ती डाव्या हातानं पावती धरून वाचायची आणि उजव्या हाताचं बोट वहीतल्या ओळीवर ठेवायची. बोटाच्या शेजारी हिरवी टिक उमटायची. मग केव्हातरी तिच्या लक्षात आलं की बोट उचलायला उशीर झाला तर पेन्सिल तिच्या नखाला लागते. खुंटीवर टांगलेल्या कोटाला ते 'गुड मॉर्निंग, नंदीबाबू' म्हणाले तो दिवस तिला आठवतो. नंदीबाबू, शेजारच्या टेबलावरचे कारकून, तेव्हा खाली पान खायला गेलेले होते. कुणी पाहिलं नाही. श्यामबाबू थबकले, मग स्वतःच कोटाची बाही झटकल्यासारखी करून जागेवर येऊन बसले. तिनं वहीत मान घातली.

पुढं जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना तेच म्हणाले, कुणाला तरी दुसऱ्याला सांगत असल्यासारखे, "माझ्या वडिलांचा मोतीबिंदू काढला आणि डोळाच गेला. छप्पन्न साली. त्याआधी अंधुक का होईना, दिसत होतं."

"आता तसं नाही राहिलं हो, काका. सुधारलंय सगळं."

"हो, म्हणतात तसं." त्यांनी पोळीचा तुकडा भाजीच्या वाटीऐवजी डब्याच्या झाकणाला लावला, मग बोटांनी वाटी शोधली. "हे एवढं जूनअखेरचं काम उरकू दे. खोकाला कळलं तर तो मला उद्यापासून घरी बसवेल. वाईट नाही तो. पण त्याला टिक हवी ना, डोळस माणसाची."

त्या दिवसापासून कालिंदी दोन्हीकडचं वाचू लागली. पावतीवरचंही आणि वहीतलंही. ते फक्त टिक करत. याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. ती घरी गेली की तिला स्वतःचं मोठं कौतुक वाटे. खिदिरपूरला परतताना ट्राम मैदानातून जायची, झाडांच्या सावल्या डब्यातून पळायच्या, आणि ती मनाशी म्हणायची, मी कुणाचे तरी डोळे आहे. हे वाक्य तिनं डायरीतही लिहिलं होतं. ते पान तिनं नंतर फाडलं.

नस्करबाबूंचं बंडल मेच्या शेवटच्या आठवड्यात आलं. बेहाल्याला त्यांचा लेथचा छोटा कारखाना होता. मागच्या सालचा हिशेब इन्कमटॅक्स अधिकाऱ्यानं तपासणीला काढला होता आणि जूनच्या मध्यावर सुनावणी होती. दुरुस्तीखर्चाची ऐंशी-पंच्याऐंशी बिलं एकेक करून वहीशी जुळवायची होती. साहेब म्हणाले होते, "श्यामबाबू, हे तुम्ही बघितलंत की मी निश्चिंत."

त्या दुपारी दीडपासून वीज नव्हती. ऑफिसच्या खिडक्या पश्चिमेला, त्यामुळे उघडल्या तर झळ यायची आणि लावल्या तर घाम. कालिंदीच्या पोलक्याला पाठीवर वहीची धूळ चिकटली होती. आणि लीना तीन वाजता न्यू मार्केटजवळच्या थिएटरच्या दाराशी दोन तिकिटं घेऊन उभी राहणार होती. कॉलेजची मैत्रीण. "तिथं जनरेटर आहे, ए. सी. चालू असतो, तीन तास नुसती बस," ती आदल्या दिवशी म्हणाली होती. सिनेमा कुठला याची कालिंदीनं चौकशीसुद्धा केली नव्हती.

सव्वादोनला श्यामबाबूंनी वही पुढं ओढली. "चल, नस्करांचं घेऊ. पुकार."

बंडल तिच्या मांडीवर होतं. वर त्यांची गाठ होती, सकाळी त्यांनीच मारलेली. ते टोक ओढायचं, पहिलं बिल उलगडायचं, बंगाली अक्षरं लावत लावत वाचायची, वहीत शोधायचं, बोट ठेवायचं. असं पंच्याऐंशी वेळा. दोन तास तरी.

तिनं टोक ओढलं नाही.

वहीवर बोट ठेवलं आणि वहीतलीच ओळ वाचली. "सहा एप्रिल. पट्टा बदलला. पंचेचाळीस." आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं बंडलाची कड पत्त्यांसारखी फरफर फिरवली. श्यामबाबूंनी टिक केली, खाली ठिपका. "नऊ एप्रिल. मोटरचं वायंडिंग. एकशेदहा." पुन्हा फरफर. तिला वाटलं होतं पहिल्या दोन-तीनलाच ते थांबवतील. ते थांबले नाहीत. तिचा आवाज स्थिर होता, याचंच तिला पुढं किती दिवस नवल वाटत राहिलं. मध्ये एक 'शेड दुरुस्ती, बांबू, ताडपत्री' आलं, तेही ती तसंच म्हणाली, बाकीच्यांसारखंच.

पावणेतीनला शेवटची टिक झाली.

"झालं? एवढ्यात?"

"हो काका. लहान लहानच होती."

श्यामबाबूंनी पेन्सिल खाली ठेवली. तिच्याकडे पाहिलं, म्हणजे तिच्या आवाजाच्या दिशेला. "बरं," ते म्हणाले. "तुला जायचं होतं ना आज? मैत्रीण थांबली असेल. जा."

सिनेमा तिला आठवत नाही. गारवा आठवतो. मानेवरचा घाम सुकताना आलेला काटा आठवतो, आणि मध्यंतरात लीनानं विचारलेलं, "कशी सोडली गं तुला म्हाताऱ्यानं?" आणि आपण हसून म्हणालो, "बघत नाहीत ते फारसं."

दुसऱ्या दिवशी ती लवकर गेली. मनात होतं की बंडल काढायचं आणि त्यांच्या नकळत एकटीनं सगळं तपासायचं. पण नस्करांची वही आणि बंडल दोन्ही साहेबांच्या खोलीत गेलेली होती. श्यामबाबू वर्तमानपत्रावर पेन्सिल सोलत होते. "ये," ते म्हणाले. तेवढंच. तिनं स्वतःला समजावलं की ऐंशी बिलांत चूक असायला कशाला हवी. मग रोज नवी बंडलं आली, ती तिनं एक एक उघडून, गरजेपेक्षा दुप्पट काळजीनं पुकारली. जूनची पहिली तारीख गेली, पाच गेली, दहा गेली. सुनावणीचा दिवस आला.

साहेब चारला परतले ते टोपी ठेवायलाही न थांबता मधल्या खोलीत आले. त्यांच्या हातात एकच कागद होता.

"श्यामबाबू, जरा आत येता? तूही ये गं."

खोलीत त्यांनी पंखा बंद केला, कागद उडू नये म्हणून. कालिंदी कपाटाला टेकून उभी राहिली. साहेब मोठ्यानं बोलणारे नव्हतेच. बंगालीत, शांतपणे, त्यांनी सांगितलं. अधिकाऱ्यानं सहज म्हणून मधूनच एक बिल उघडलं. शेड दुरुस्तीचं. बघितलं आणि हसत सुटला. म्हणाला, 'लाहिडीबाबू, तुमच्या लेथ मशीनचं लग्न कधी झालं? आम्हाला बोलावलं नाहीत.' मांडववाल्याचं बिल होतं. नस्करांच्या मुलीच्या लग्नाचं. बांबू, ताडपत्री, शंभर खुर्च्या. नस्करांच्या मुनीमानं कारखान्याच्या कागदांत खुपसून दिलेलं. आता अधिकारी म्हणतो की सगळी दुरुस्तीच नामंजूर, आणि वर खोटा खर्च दाखवल्याची नोटीस.

"तो हसला त्याचं काही नाही," साहेब म्हणाले. "पण वहीत याच्यासमोर तुमची टिक आहे, श्यामबाबू. ठिपक्यासकट."

"माझीच आहे."

"तुम्ही हे बिल पाहिलंत?"

"पाहिलं असणार, सर."

साहेबांनी कागद त्यांच्या हातात दिला. "वर कसलं चित्र आहे?"

श्यामबाबूंनी कागद लांब धरला, मग जवळ. खिडकीकडे अर्धवट वळले. कालिंदीला कपाटापासूनसुद्धा ते दिसत होतं. बिलाच्या डोक्यावर छापलेलं, तळहाताएवढं, लालभडक फुलपाखरू. बंगाल्यांच्या लग्नपत्रिकेवर असतं तसं. लहान मूलही ओळखेल असं.

"कंपनीचं निशाण असेल," श्यामबाबू म्हणाले.

खाली ट्रामची घंटा वाजत गेली.

"फुलपाखरू आहे," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "कधीपासून, श्यामकाकू?" लहानपणी ते त्यांना असं म्हणायचे, बंगालीत काकांना काकू म्हणतात. श्यामबाबूंनी बिल टेबलावर ठेवलं. तेव्हा साहेब कालिंदीकडे वळले. "पुकारायला तू होतीस ना?"

तिनं तोंड उघडलं. आजही तिला खात्रीनं सांगता येत नाही की त्यातून काय बाहेर पडणार होतं. पण त्याआधीच श्यामबाबू म्हणाले, "ती त्या दिवशी लवकर गेली होती, सर. नस्करांचं मी एकट्यानं केलं."

लवकर गेली होती हे खरंच होतं. हजेरीच्या वहीत तसं लिहिलेलंही होतं, पावणेतीन. कालिंदीनं तोंड मिटलं.

पुढचं फार सभ्यपणे झालं. थोरल्या साहेबांच्या तसबिरीखाली चहा झाला, श्यामबाबूंना शाल दिली, नंदीबाबू रडले. एकतीस वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं. 'ही हिरवी पेन्सिल तू घेऊन जा' असं ते कालिंदीला म्हणतील अशी तिला भीती वाटत होती. ते म्हणाले नाहीत. पेन्सिल त्यांनी वरच्या खिशात लावली आणि जिन्याचा कठडा धरून खाली गेले. शिवणाची खुर्ची राहिली. उरलेले दहा दिवस ती त्याच खुर्चीत बसली. जूनअखेर साहेबांनी तिला इंग्रजीत टाइप केलेला दाखला दिला. काम अत्यंत काळजीपूर्वक व विश्वासाने केले, असं त्यात होतं. आईनं, नलिनीबाईंनी, तो देवापुढं ठेवला. कालिंदी संध्याकाळी दिवा लावायला गेली की नजर वर न करता काडी ओढायची.

आई म्हणे, "आठल्यांना भेटून ये गं एकदा. बरं दिसत नाही."

"जाईन."

ती जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गेली. खुर्ची पोचवायची आहे, हे एक निमित्त होतं. भवानीपूरच्या गल्लीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड, वर जाणारा अरुंद जिना. रिक्षावाल्यानं खुर्ची वर आणून दिली. दार प्रेमलताकाकूंनी उघडलं, श्यामबाबूंच्या पत्नीनं. नागपूरकडच्या, ठेंगण्या, मोकळ्या आवाजाच्या.

"अगं बाई, कालिंदी! अहो, तुमची कालिंदी आलीय. खुर्ची कशाला आणलीस एवढं ओझं करून? ये, बस. तूच बस तिच्यावर."

श्यामबाबू खिडकीशी होते. बनियन, वर ती शाल, उकाड्यातही. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन श्रावणात करायचं ठरलं होतं. लाहिडीसाहेबांनीच डॉक्टर बघून दिला होता.

"तुझं फार सांगायचे हे," काकू म्हणाल्या. "म्हणायचे, पोरगी दोन्हीकडचं वाचते, मला बघावंच लागत नाही. मला तर वाटतं, त्या दिवशी तू लवकर गेली नसतीस ना, तर हे झालंच नसतं. नाही, तुझा दोष नाही गं, मुलीच्या जातीला घरी वेळेवर जायला हवंच. पण यांचं नशीब बघ, नेमका तोच दिवस."

कालिंदीच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तिनं खाली ठेवला. "काकू, त्या दिवशी मी..."

"चहा टाक," श्यामबाबू म्हणाले. "आलं घालून. आणि घरात आलं नसेल तर खालून घेऊन ये."

"आहे की आलं."

"कालच संपलं. मीच घातलं शेवटचं."

काकूंनी त्यांच्याकडे जरा नवलानं पाहिलं, पदर खोचला आणि पैशाची पिशवी घेऊन खाली गेल्या. जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या. मग खोलीत शेजारच्या घरातला रेडिओ तेवढा राहिला.

"मी बंडल उघडलंच नव्हतं," कालिंदी म्हणाली. घरून तिनं पुष्कळ वाक्यं ठरवून आणली होती, त्यांतलं हे नव्हतं. "नुसतं वहीतलं वाचलं. सिनेमाला जायचं होतं."

"माहीत आहे."

"कसं?"

"गाठ माझीच होती." त्यांनी हवेत बोटांनी दोन फेरे घेऊन दाखवले. "तू गेल्यावर बंडल हातात घेतलं. तुझ्या गाठीचा गोळा लागेल म्हणून चाचपलं, तर माझी सकाळची गाठ तशीच."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ते खिडकीकडे बघत होते.

"मग साहेबांना का नाही...?"

"काय सांगू? पुन्हा करायला हवं म्हणू? मग कुणाला तरी पुकारायला बसवावं लागलं असतं. नंदीबाबूला. तो काही बोट ठेवून वाचणारा नाही. त्याच्या लक्षात आलं असतं. मी प्रयत्न केला. सोडलं बंडल. खिडकीशी भिंग लावून बसलो. चार बिलं झाली असतील. पाचव्याला डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग म्हटलं जाऊ दे, काही होत नाही. बांधून साहेबांच्या टेबलावर ठेवून दिलं. एकतीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं ते."

"पण सुरुवात मी केली, काका."

"हो. तू केलीस," ते म्हणाले. ते तिला असंच नाकारून टाकतील, सोडवतील, असं तिला कुठंतरी वाटत आलं होतं. त्यांनी तसं केलं नाही. "आवाजात काही फरकसुद्धा नव्हता गं तुझ्या. मी त्याचाच विचार करत बसतो इथं. मला वाटायचं, माणूस खोटं वाचत असेल तर आवाजावरून कळेल."

तिला रडू येत होतं, पण आपण रडलो तर तेच आपल्याला समजावत बसतील हे कळून तिनं ते आवरलं.

"मी लाहिडीसाहेबांना जाऊन सांगते."

"काय उपयोग? मला थोडंच दिसायला लागणार? खुर्ची सोडायची वेळ झालीच होती. फक्त त्या फुलपाखरापायी नको होती." ते हसले, खरोखरीचं. "लेथ मशीनचं लग्न! तो खोका आयुष्यभर सांगत सुटणार आता."

काकू आलं घेऊन आल्या. चहा झाला. मग श्यामबाबूंनी उशीखालून एक अंतर्देशीय पत्र काढलं. जबलपूरला दिलेल्या मुलीचं, स्मिताचं.

"काल आलंय. हिचा चष्मा फुटलाय. वाच जरा."

कालिंदीनं पत्र घेतलं. ते अजून बंद होतं, तिन्ही कडा चिकटलेल्या. तिनं एक कड हळूच फाडली, मुद्दाम जरा आवाज होईल अशी, आणि मग स्वतःचीच लाज वाटून उरलेल्या दोन्ही सावकाश उलगडल्या. पत्रात विशेष काही नव्हतं. धाकट्याला गोवर येऊन गेला, पाऊस बरा आहे, बाबांनी ऑपरेशनला घाबरू नये. तिनं अक्षर न अक्षर वाचलं. कडेला आडवं लिहिलेलंही. खाली एक ओळ खोडलेली होती.

"इथं एक ओळ खोडलीय," ती म्हणाली.

"काय आहे खोडलेलं?"

तिनं कागद उजेडाला धरला. "'मला यायचं होतं पण', एवढंच दिसतंय. पुढचं लागत नाही."

"बरं," श्यामबाबू म्हणाले. मान हलवली.

पुढच्या शनिवारी येते असं ती म्हणाली, आणि तेव्हा तिला ते खरंच वाटत होतं. पण त्याच आठवड्यात वडिलांची बिलासपूरला बदली झाल्याचा हुकूम आला, दोन आठवड्यांत घर मोडलं, सामान बांधलं. बांधाबांधीत तिला दोन वेळा भवानीपूरची आठवण झाली आणि दोन्ही वेळा ती गेली नाही. ऑपरेशन बरं झालं, असं मंडळाच्या कुणाकडून तरी वडिलांना पत्रात कळलं. त्याच हिवाळ्यात श्यामबाबू गेले तेही असंच एका पत्राच्या शेवटी, दुसऱ्या मजकुराखाली कळलं. झोपेत गेले. कालिंदीनं कॉमर्स सोडलं नाही. पुढं ती त्याच कामात गेली. लाहिडीसाहेबांचा दाखला तिनं कुठल्याही अर्जाला जोडला नाही, फाडलाही नाही. तो कुठल्या फाइलीत आहे हे तिला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. ती हिरवी पेन्सिल वापरत नाही. पावत्यांचं बंडल हातात आलं की मात्र ती आधी गाठीवरून बोट फिरवते.

त्या दिवशी निघताना श्यामबाबू जिन्याच्या तोंडापर्यंत पोचवायला आले होते. एक हात भिंतीला. दुसऱ्या हातात ती पेन्सिल होती, अजून रोज सकाळी कालच्या वर्तमानपत्रावर टोक केलेली, काकूंनी सांगितलं तसं, उगीचच. ती चार पायऱ्या उतरली होती तेव्हा त्यांनी वरून हाक मारली. तिला वाटलं, आता म्हणतील. आता काहीतरी म्हणतील.

"कालिंदी, शनिवारी येताना एक ब्लेड आण गं. हे पार बोथट झालंय."